धावून आल्यावर बीअर? त्या मेसेजमधल्या सहा दाव्यांचा हिशोब

शब्द दर वेळी थोडे बदलतात, पण फिरणारा मेसेज हाच:

‘व्यायामानंतर पाण्यापेक्षा बीअर चांगली, हे स्पेनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. बीअरमध्ये ९५ टक्के पाणीच असतं. वर क्षार, साखर आणि बी जीवनसत्त्वं. तिच्यातला गॅस तहान चटकन भागवतो. जर्मनीचे ऑलिंपिक खेळाडूही बीअरच पितात. आणि अल्कोहोलची काळजी नको, ते घामावाटे निघून जातं.’

सहा वाक्यं, सहा दावे. यातला एकही निव्वळ थाप नाही, म्हणूनच मेसेज पटतो. प्रत्येकाच्या बुडाशी कुठला तरी खरा प्रयोग नाहीतर खरा आकडा आहे. फॉरवर्ड होता होता त्याला जोडलेली अट तेवढी गळून पडली आहे.

‘स्पेनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’

मूळ गोष्ट ग्रॅनडा विद्यापीठाची. तिथले प्राध्यापक मान्वेल कास्तियो यांनी २००७ साली पत्रकारांपुढे या विषयाची मांडणी केली आणि ‘व्यायामानंतर बीअर पाण्यापेक्षा सरस’ असे मथळे जगभर झळकले. मेसेज त्या मथळ्यांवर पोसला गेला आहे. याच विद्यापीठातल्या गटाचा सविस्तर शोधनिबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. तो उघडून पाहिला तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

प्रयोग असा होता. १६ तंदुरुस्त तरुण. तापमान ३५ अंश सेल्सिअस, आर्द्रता ६० टक्के. अशा उकाड्यात ट्रेडमिलवर एक तास धावायचं, प्रत्येकाने आपल्या कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या ६० टक्के भाराने. त्यानंतर दोन तास पिण्यासाठी मोकळे. एका फेरीत फक्त मिनरल वॉटर, हवं तितकं. दुसऱ्या फेरीत, काही आठवड्यांच्या अंतराने, तीच माणसं, तसंच धावणं. पण प्यायला आधी ४.५ टक्के अल्कोहोलची बीअर, जास्तीत जास्त ६६० मिली, आणि मग पाणी, हवं तितकं.

मेसेजमधून गळालेली अट हीच: मग पाणी, हवं तितकं. बीअर पाण्याच्या जागी दिलेलीच नव्हती. ती पाण्याच्या आधी दिली होती, आणि तिलाही वरची मर्यादा होती. दोन्ही फेऱ्यांत वजन, लघवी आणि रक्तातल्या खुणा यांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे पुढे पोटभर पाणी मिळणार असेल तर ३३० मिलीच्या दोन बाटल्यांनी भरपाई बिघडली नाही. यातून ‘बीअर चालते’ एवढं फार तर म्हणता येईल. ‘बीअर पाण्याला हरवते’ हे या निबंधात कुठेच नाही.

बीअरने खरोखरच घामाची जागा भरायची ठरवली तर काय होतं, हे पाहणारे प्रयोग वेगळे आहेत. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये शिरेफ्स आणि मॉन यांनी १९९७ साली सहा जणांकडून व्यायाम करवून त्यांचं वजन सुमारे २ टक्क्यांनी उतरवलं. मग जितकं वजन गेलं त्याच्या दीडपट पेय पाजलं. पेयाचा पाया अल्कोहोलविरहित बीअरचा होता आणि त्यात मोजून ०, १, २ किंवा ४ टक्के अल्कोहोल घातलेलं. १ आणि २ टक्क्यांपर्यंत फारसं बिनसलं नाही. ४ टक्क्यांना मात्र लघवी वाढण्याकडे कल दिसला, आणि रक्तातला द्रव पूर्ववत होण्याचा वेग मंदावला. बाजारातली साधी लागर (नेहमीची फिकट बीअर) ४ ते ५ टक्क्यांची असते, म्हणजे नेमकी या रेषेच्या पलीकडे.

कोस्टा रिकात २०१४ साली झालेल्या प्रयोगात नेहमीची बीअर, अगदी कमी अल्कोहोलची बीअर आणि पाणी अशी तुलना झाली, आणि जितकं वजन घटलं तितकंच पेय दिलं गेलं. नेहमीच्या बीअरने लघवी वाढली, प्रतिक्रियेचा वेळ लांबला आणि तोलही बिघडला. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या डेस्ब्रो आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली उलट्या बाजूने विचार केला: बीअरचंच सूत्र बदललं तर? त्यांनी २.३ टक्क्यांच्या आणि ४.८ टक्क्यांच्या बीअर घेतल्या, आणि दोन्ही प्रकार सोडियम घालून व न घालता तपासले. शरीरात सर्वांत जास्त टिकली ती हलकी आणि सोडियम घातलेली बीअर. म्हणजे अल्कोहोल काढत गेलो आणि मीठ घालत गेलो की बीअर सुधारते. असंच पुढे जात राहिलो तर शेवटी हातात मीठ-पाणीच उरेल, पण त्याचा मथळा कोण छापणार?

हे सगळे प्रयोग लहान आहेत, सहा ते सोळा माणसांचे, आणि तेही मुख्यतः पुरुषांवरचे. एकट्या प्रयोगावर फार भार टाकू नये, ग्रॅनडाच्याही नाही आणि ॲबर्डीनच्याही नाही. पण सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात: थोडी, हलकी आणि पाण्यासोबत घेतली तर निभावतं, नेहमीच्या कडकपणाची, जास्त आणि पाण्याऐवजी घेतली तर नाही.

‘बीअरमध्ये ९५ टक्के पाणीच असतं’

जवळपास खरं. धान्याची उरलेली साखर धरली तर ९१–९३ टक्के म्हणणं जास्त बरोबर. पण प्रश्न पेल्यात किती पाणी आहे हा नाही, तीन-चार तासांनी शरीरात किती उरलं हा आहे.

घाम गेला की रक्त थोडं दाट होतं. मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी तेव्हा व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडते. त्याचा मूत्रपिंडांना निरोप एवढाच: पाणी सोडू नका, परत घ्या. म्हणून कडक व्यायामानंतर लघवी कमी होते आणि गडद होते. अल्कोहोल नेमका हा निरोप दाबतं. व्हॅसोप्रेसिन घटलं की मूत्रपिंडं जे पाणी परत ओढणार होती ते मूत्राशयात जाऊ देतात.

किती? एगलटन यांनी १९४२ साली मोजलेला आकडा आजही वापरला जातो: दर १ ग्रॅम अल्कोहोलमागे साधारण १० मिली जादा लघवी. बाटलीत किती ग्रॅम आहेत ते काढायला मिलीला टक्केवारीने गुणून १०० ने भागायचं आणि परत ०.७८९ ने गुणायचं, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं.

३३० मिली, ५ टक्के: १३ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सुमारे १३० मिली जादा लघवी. हाती राहिले २०० मिली. ५०० मिली, ८ टक्क्यांची स्ट्राँग: साडेएकतीस ग्रॅम, जादा लघवी सव्वातीनशेच्या आतबाहेर, अर्ध्या लिटरमधून दोनशे मिलीही धड उरत नाही. व्हिस्कीचा हिशोब तर थेट उणे होतो: ४० टक्क्यांच्या ३० मिलीत साडेनऊ ग्रॅम, जादा लघवी ९५ मिली. बीअर ‘पाणी देणारी’ वाटते ती तिच्यातल्या पाण्याच्या प्रमाणामुळे. अल्कोहोल तिच्यात काही वेगळं वागत नाही.

आता बीअरच्या बाजूची गोष्ट, कारण ती लपवली तर आपलाही मेसेजच होईल. हा दहा मिलीचा नियम पाणी पुरेसं असलेल्या शरीरावर चांगला लागू पडतो. शरीर कोरडं पडलेलं असेल तर व्हॅसोप्रेसिनचा जोर इतका असतो की थोड्या अल्कोहोलला ते पुरून उरतं. हॉब्सन आणि मॉन यांनी २०१० साली हेच तपासलं: पाणी भरपूर असताना ४ टक्क्यांच्या एक लिटर बीअरने लघवी वाढली, पाणी कमी असताना तो फरक जवळजवळ पुसला गेला. मॉन यांच्याच गटाने २०१६ साली तेरा पेयं तपासली. त्यात एक लिटर लागर पाण्याच्या बरोबरीने शरीरात टिकली. खऱ्या अर्थाने पाण्याच्या पुढे गेली ती जलसंजीवनी आणि दूध. बीअरप्रेमींनी हा प्रयोग वाटेल तितका फॉरवर्ड करावा. त्यातही बीअर पाण्याच्या पुढे नाही, आणि तिथे कुणी घाम गाळून आलेलं नव्हतं.

मग गणित फसतं कुठे? मात्रेत. एक माणूस जवळून पाहू. धावण्याआधी वजन ७०.० किलो, धावून आल्यावर ६८.६. तूट १.४ किलो, बरोबर २ टक्के. भरपाईचा रूढ नियम सांगतो की तुटीच्या प्रत्येक किलोमागे दीड लिटर प्या, कारण प्यायलेल्यातलं काही लघवीत जाणारच. म्हणजे २.१ लिटर. हे सगळं ५ टक्क्यांच्या बीअरने भरायचं ठरवलं तर पोटात जाणारं शुद्ध अल्कोहोल ८३ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हाताळतं, तेव्हा हे संपायला आठ ते बारा तास लागतील. दोन-तीन तासांत एवढी प्यायली तर रक्तातलं प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर सहज जाईल. गाडी चालवण्याची मर्यादा बऱ्याच देशांत ०.०५ किंवा ०.०८ टक्के आहे. आणि एवढ्या मात्रेपुढे कोरड्या शरीराचं व्हॅसोप्रेसिनही फार काळ टिकत नाही.

ग्रॅनडाच्या प्रयोगात अल्कोहोल किती होतं? ६६० मिलीत जेमतेम २३ ग्रॅम. त्या आकड्यावरून ८३ ग्रॅमची शिफारस काढणं म्हणजे एका गोळीने ताप उतरला म्हणून अख्खी पट्टी गिळणं.

एक सापळा इथेच सांगायला हवा. लघवी फिकट झाली म्हणजे शरीर भरलं, हा नियम बीअरनंतर लागू पडत नाही. ती फिकट झाली असते व्हॅसोप्रेसिन दबल्यामुळे. आत तूट तशीच, बाहेर मात्र भरल्याची खूण. एकदम भसाभसा पाणी प्यायल्यावरही काही वेळ अशीच फसगत होते.

‘क्षार असतात, साखर असते, बी जीवनसत्त्वं असतात’

क्षार म्हटलं की सगळे एकाच पिशवीत घालायची सवय आहे. घामात जाणारा मुख्य क्षार सोडियम. माणसामाणसात फार फरक असतो: लिटरमागे २० ते ८० मिलिमोल, म्हणजे साधारण ४६० ते १,८४० मिलिग्रॅम. काहींच्या टोपीवर आणि बनियनवर वाळल्यावर पांढरे नकाशे उमटतात ते याच मिठाचे. पोटॅशियम त्या मानाने किरकोळ, लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास.

साध्या बीअरमध्ये लिटरला पोटॅशियम २७० मिलिग्रॅमच्या जवळपास असतं. म्हणजे पोटॅशियमची भरपाई ती खरंच करते. सोडियम मात्र लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास. ब्रँडप्रमाणे आकडा हलतो, पण हलून हलून किती हलणार? एक लिटर घामात ९०० मिलिग्रॅम सोडियम गेलं असं धरलं, तर तेवढं बीअरमधून मिळवायला वीसएक लिटर लागतील.

सोडियमचा एवढा आग्रह कशासाठी? प्यायलेलं पाणी रक्तात टिकवून धरण्याचं काम तेच करतं. मीठ नसलेलं पेय भरपूर प्यायलं की रक्त पातळ होतं, मेंदू समजतो पाणी पुष्कळ झालं, तहान थांबते आणि व्हॅसोप्रेसिनही उतरतं. तूट भरण्याआधीच नळ उघडतो. नुसत्या साध्या पाण्यालाही हीच मर्यादा आहे. बीअरमध्ये त्यावर अल्कोहोलची भर पडते. ग्रिफिथच्या प्रयोगात घातलेलं सोडियम लिटरला २५ मिलिमोल होतं, मिठाच्या भाषेत जवळजवळ दीड ग्रॅम. बाटलीत चिमूटभर मीठ टाकून हा प्रयोग घरी करणाऱ्यांसाठी: मीठ पडताच गॅस भसकन सुटतो आणि निम्मी बीअर टेबलावर येते.

याची गंभीर बाजूही आहे. तासन्‌तास चाललेल्या श्रमानंतर मीठ न घेता लिटरामागून लिटर पाणी किंवा बीअर ढोसली तर रक्तातलं सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली घसरू शकतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं वागणं, पुढे झटके. बीअरच्या टेबलावर ही लक्षणं ‘चढली आहे’ म्हणून सोडून दिली जातात, हा धोका वेगळाच.

साखरेचं थोडक्यात. ‘बीअरमधलं माल्टोज’ असा उल्लेख मेसेजच्या काही आवृत्त्यांत असतो. माल्टोज ही धान्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. त्याचंच तर अल्कोहोल होतं. उरतात ते मुख्यतः डेक्स्ट्रिन, लिटरला सगळी मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, झपाट्याने भरायचा असेल तर पहिले काही तास किलोमागे दर तासाला १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे आपल्या ७० किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम. दर तासाला दोन लिटरच्या वर बीअर! बाकी अर्ध्या लिटरमधल्या दोनशे-सव्वादोनशे कॅलरींपैकी निम्म्याहून जास्त अल्कोहोलच्या असतात, आणि त्यांचा ग्लायकोजेन होत नाही.

बी जीवनसत्त्वं असतात, थोडी. पण तासभर धावून त्यांची अशी कोणतीही तूट पडत नाही जी त्याच संध्याकाळी भरावी लागते.

‘गॅसमुळे तहान चटकन भागते’

हे खरं आहे, आणि अडचण हीच आहे. थंडपणा आणि गॅसची चुणचुण तोंडाला तहान भागल्याची भावना लवकर देतात. ती भावना रक्तापर्यंत पाणी पोहोचण्याच्या कितीतरी आधी येते. शिवाय गॅसने पोट तट्ट फुगतं. परिणाम असा की १.४ किलोची तूट असलेला माणूस अर्धा लिटर पिऊन ‘आता बरं वाटलं’ म्हणत थांबतो.

‘जर्मनीचे ऑलिंपिक खेळाडू बीअर पितात’

पितात. २०१८च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये एका जर्मन उत्पादकाने खेळाडूंसाठी ३,५०० लिटर बीअर पाठवली होती. अल्कोहोलविरहित. फॉरवर्डमधून पडला तो एवढा एकच शब्द.

त्यामागचा प्रयोगही सांगण्यासारखा आहे. २००९च्या म्युनिक मॅरेथॉनमध्ये धावलेल्या २७७ पुरुषांवरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना शर्यतीआधी तीन आठवडे आणि नंतर दोन आठवडे रोज एक ते दीड लिटर अल्कोहोलविरहित गव्हाची बीअर दिली, उरलेल्यांना तसंच दिसणारं पण पॉलिफेनॉल (वनस्पतींतली संयुगं) नसलेलं पेय. पहिल्या गटात सर्दी-घशाचे त्रास आणि दाहाच्या खुणा कमी आढळल्या. श्रेय पॉलिफेनॉलचं मानलं गेलं. पाण्याची भरपाई हा त्या अभ्यासाचा विषयच नव्हता. त्यामुळे ‘मॅरेथॉनवाल्यांना बीअरचा फायदा’ हे वाक्य दोनदा चुकतं: बीअर तशी नव्हती आणि फायदा तो नव्हता.

अल्कोहोलविरहित बीअर हे भरपाईचं पेय म्हणून वाईट नाही. लेबल मात्र वाचावं. बऱ्याच देशांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलं तरी ‘अल्कोहोल-फ्री’ म्हणता येतं. ज्यांना थेंबही चालत नाही त्यांनी ०.० असं लिहिलेलं शोधावं. सोडियमही पाहावं: काहींत मुद्दाम घातलेलं असतं, बहुतेकांत नसतं. नसेल तर सोबत खारट काहीतरी खावं.

‘अल्कोहोल घामावाटे निघून जातं’

घाम, श्वास आणि लघवी मिळून जेमतेम २ ते १० टक्के. बाकीचं यकृतात जळतं, त्याच्या त्याच्या वेगाने. पळून, सौना घेऊन किंवा ब्लँकेटमध्ये गुंडाळून तो वेग वाढत नाही. उलट हे उपाय पाण्याची तूट वाढवतात.

मेसेज ज्यावर गप्प आहे

पाण्याचा हिशोब बाजूला ठेवला तरी व्यायामानंतरचा पहिला तास अल्कोहोलसाठी वाईटच. कडक श्रमानंतर पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, रक्त खाली साचतं, रक्तदाब काही वेळ उतरलेला असतो. त्यावर अल्कोहोलने वाहिन्या आणखी सैल केल्या की उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसरी गोष्ट साखरेची: लांब पल्ल्यानंतर यकृतातला साठा संपत आलेला असतो आणि अल्कोहोल यकृताला नवी साखर बनवू देत नाही. रिकाम्या पोटी बीअर घेतल्यावर सुटणारा थरकाप नेहमीच ‘चढल्याचा’ नसतो. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ही जोडी टाळलेलीच बरी.

मुरगळ, लचक किंवा मार बसला असेल तर पहिले दोन-तीन दिवस अल्कोहोल नको, सूज वाढते. दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली असेल तर जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

स्नायूंचंही एक वाक्य फिरतं: ‘बीअरने व्यायाम फुकट जातो.’ ही अतिशयोक्ती दुसऱ्या बाजूची. २०१४च्या ज्या प्रयोगात स्नायूंतली प्रथिनं बनण्याचा वेग घटला (प्रथिनं सोबत घेऊनही २४ टक्क्यांनी, फक्त कर्बोदकं घेतली तेव्हा ३७ टक्क्यांनी), त्यात मात्रा होती वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम. म्हणजे ७० किलोला १०५ ग्रॅम, ३३० मिलीच्या आठ बाटल्या. त्यावरून एका बाटलीबद्दल काही म्हणता येत नाही.

मग भरायचं कसं

वजनकाटा हे यातलं सर्वांत उपयोगी यंत्र. व्यायामाआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्यायचं. नंतर घामेजलेले कपडे काढून, अंग आणि केस टॉवेलने कोरडे करून, त्याच काट्यावर पुन्हा. भिजलेल्या कपड्यांसकट वजन घेतलं तर तूट खऱ्यापेक्षा कमी दिसते, ही नेहमीची चूक. दुसरी चूक तूट आणि एकूण घाम यांची गल्लत. आपल्या माणसाने वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायलं असेल तर त्याचा एकूण घाम १.९ लिटर, पण दीडने गुणायचं ते फक्त काट्यावर दिसणाऱ्या १.४ ला. आणि वजन आधीपेक्षा वाढलेलं दिसलं तर पिणं थांबवायचं. वाटेतच जास्त झालेलं आहे.

ते २.१ लिटर एका दमात नाही, तीन-चार तासांत. पहिल्या अर्ध्या तासात अर्धा लिटर, मग थोडं थोडं. सोबत नेहमीचं मीठ असलेलं जेवण होणार असेल तर साधं पाणी पुरतं. सोडियम ताटातून येतं. जेवण लांब असेल किंवा त्याच दिवशी पुन्हा खेळायचं असेल तर जलसंजीवनीचं पाकीट. त्याच्या सध्याच्या सूत्रात लिटरला सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल असतात. ही जोडी सहज ठेवलेली नाही: आतड्याच्या भिंतीतून सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ हा शब्द महत्त्वाचा. शिगोशीग चमच्याने मीठ दुप्पट होतं, मळमळतं. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि पोट बिघडतं.

फक्त अर्धा-पाऊण तास हलका व्यायाम केला असेल तर यातलं काहीही लागत नाही. तहान लागेल तसं पाणी, आणि वेळेवर जेवण.

तरी बीअर हवीच असेल

तर ती भरपाईतून वजा करायची. क्रम असा: आधी पाणी किंवा खारट पेय, निदान तुटीइतकं, मग जेवण, बसून, अंग थंड झाल्यावर, एकदा तरी लघवी होऊन गेल्यावर बीअर. ४ टक्क्यांच्या आतली निवडली तर उत्तम, आणि ३३० मिलीची एक, फार तर ग्रॅनडाइतक्या दोन. प्रत्येक बाटलीसोबत तेवढंच पाणी. उष्माघाताची शंका असेल, चक्कर आली असेल, काही तासांत पुन्हा मैदानात उतरायचं असेल किंवा गाडी चालवायची असेल, तर एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, लघवीला जाऊन, काही खाण्यापिण्याआधी काट्यावर उभं राहावं. ७०.० च्या माणसाचा काटा ६९.३ च्या खाली असेल तर रात्री पाणी कमी पडलं आहे.